भांडवलशाही उतरणीला लागलीय का? ऐतिहासिक भौतिकवाद आणि ऱ्हासाच्या वादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभ्यासमंडळात कुठलंही पुस्तक घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत कुणीतरी विचारतंच की एवढी अरिष्टं आली, दोन महायुद्धं झाली, तरी ही भांडवलशाही पडत का नाही, मग मार्क्सचं चुकलं का? म्हणून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची जमतील तेवढी सरळ उत्तरं इथे एकत्र लिहितोय. जिथे माझं स्वतःचं मत आहे तिथे ते लपवलेलं नाही.

ऐतिहासिक भौतिकवाद म्हणजे काय, सोप्या भाषेत सांगा ना.

जगायला लागणाऱ्या वस्तू माणसं कशी बनवतात आणि त्या बनवताना एकमेकांशी कुठल्या नात्यात अडकतात, यावर समाजाची बाकीची घडण, म्हणजे कायदा, राज्यसंस्था, धर्म, विचार, बऱ्याच अंशी ठरते असं हे म्हणणं आहे. अवजारं, यंत्रं, कच्चा माल, माणसाचं कौशल्य, विज्ञान या झाल्या उत्पादक शक्ती. जमीन कुणाची, गिरणी कुणाची, राबतं कोण आणि वरकड, म्हणजे राबणाऱ्याच्या गरजा भागून वर उरणारं, कुणाच्या खिशात जातं, हे झाले उत्पादन संबंध. या दोघांचं जमेनासं झालं की समाज हलायला लागतो.

'बऱ्याच अंशी' हे मुद्दाम लिहिलंय. मार्क्सचा सहकारी एंगल्सने 1890 साली योजेफ ब्लॉखला लिहिलेल्या पत्रात अगदी स्पष्ट केलंय की आर्थिक घटक हा शेवटी जाऊन निर्णायक ठरतो, पण तोच एकटा निर्णायक असं जो म्हणेल तो आमच्या म्हणण्याचा अर्थच घालवून टाकतो. तरीपण आजही 'मार्क्सवाद म्हणजे सगळं पैशावर' असं म्हणणारे भेटतात, आणि वाईट म्हणजे त्यात मार्क्सवादीही असतात.

ऱ्हासाची कल्पना, म्हणजे भांडवलशाहीची चढण संपून उतरण सुरू झालीय ही, मार्क्सचीच का, की नंतरच्यांनी काढली?

मूळ मार्क्सचं, पण तिला सिद्धांताचा आकार नंतरच्यांनी दिला. सगळा वाद मार्क्सच्या 'राजकीय अर्थशास्त्राच्या समीक्षेला एक योगदान' या पुस्तकाच्या 1859 च्या प्रस्तावनेतल्या दोन वाक्यांभोवती फिरतो. पहिल्याचा आशय असा की एका टप्प्यावर उत्पादन संबंध हे उत्पादक शक्तींच्या वाढीला मदत करायचं सोडून त्यांच्या बेड्या होतात आणि मग सामाजिक क्रांतीचं युग सुरू होतं. दुसरं वाक्य थोड्याच ओळी खाली आहे, की जेवढ्या उत्पादक शक्तींना एखाद्या व्यवस्थेत जागा आहे तेवढ्या सगळ्या वाढल्याशिवाय ती व्यवस्था जात नाही.

आता जागा संपली हे ओळखायचं कसं? मार्क्सने त्याचं माप दिलेलं नाही. आणि लक्षात घ्या, 1848 च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यातच लिहिलंय की आधुनिक उत्पादक शक्तींनी भांडवली संबंधांविरुद्ध बंड पुकारलंय, म्हणजे बेड्या तेव्हाच दिसत होत्या, आणि तेव्हा तर ब्रिटन, बेल्जियम असे काही पट्टे सोडले तर कारखानदारी जेमतेम सुरू झालेली. मुंबईची पहिली कापडगिरणी त्यानंतर काही वर्षांनी, 1850 च्या दशकात उभी राहिली. म्हणून 'मार्क्सने म्हटलंय ना' एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही.

मग उतरण सुरू झाल्याची रेघ सगळे 1914 लाच का ओढतात?

कारण 4 ऑगस्ट 1914 ला जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने, म्हणजे तेव्हाच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कामगार पक्षाने, संसदेत युद्धखर्चाच्या बाजूने मत दिलं आणि युरोपभरचे कामगार एकमेकांवर बंदुका रोखून खंदकात उतरले. तो धक्का एवढा मोठा होता की काहीतरी मुळातच बदललंय, असं क्रांतिकारकांना वाटणं साहजिक होतं. जर्मनीतली क्रांतिकारक रोझा लक्झेम्बर्गने 1913 मध्येच मांडलं होतं की भांडवलाला वाढायला भांडवलाबाहेरचा प्रदेश लागतो, शेतकरी समाज लागतात, वसाहती लागतात, आणि तो प्रदेश संपत चाललाय. युद्धाच्या काळात तुरुंगातून लिहिताना तिने पर्याय दोनच ठेवले, समाजवाद किंवा रानटीपणा. लेनिनने 1916 मध्ये साम्राज्यवादावर लिहिताना भांडवलशाहीला परोपजीवी आणि मरणपंथाला लागलेली म्हटलं. मार्च 1919 मध्ये मॉस्कोला कॉमिन्टर्न, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांची संघटना, स्थापन झाली तिच्या कार्यक्रमात तर सरळच लिहिलं गेलं की भांडवलशाहीच्या विघटनाचं युग सुरू झालंय.

पण 1914 नंतर उत्पादन केवढं वाढलंय! मग ऱ्हास कसला?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि तो रास्त आहे, त्याला टाळून पुढे जाता येत नाही. 1914 ला जगाची लोकसंख्या दोनशे कोटींच्या आत होती, आज 800 कोटींच्या वर आहे, आणि त्यातल्या फार मोठ्या हिश्शाचं पोट ज्या नत्रखतावर चालतं त्याचा पहिला मोठा कारखाना जर्मनीत 1913 ला सुरू झाला, म्हणजे त्या रेघेच्या अगदी उंबऱ्यावर. 1950 ते 1973 या काळात जगाचं दरडोई उत्पादन वर्षाला साधारण 3 टक्क्यांच्या वेगाने वाढलं, एवढा वेग त्याआधी कधीच नव्हता. ट्रॉट्स्कीने 1938 मध्ये लिहिलं की मानवजातीच्या उत्पादक शक्तींची वाढ थांबलीय, ते महामंदीनंतरच्या जगाकडे बघून लिहिलेलं होतं आणि त्या क्षणी खरंही वाटत होतं, पण त्याच्या अनुयायांतल्या काहींनी हे वाक्य पुढे कित्येक वर्षं, अगदी युरोपातल्या कामगारांच्या घरी फ्रीज-टीव्ही आल्यावरही, जसंच्या तसं म्हणत ठेवलं.

ऱ्हासवाद्यांचं उत्तर असं, आणि ते त्यांच्याच बाजूने मांडतो. ते म्हणतात, ऱ्हास म्हणजे वाढ थांबणं नाही, वाढीची किंमत बदलणं. 1914 च्या आधी भांडवलशाही नवे प्रदेश गिळत वाढली, त्यानंतर मात्र अरिष्ट, महायुद्ध, पुनर्बांधणी आणि पुन्हा अरिष्ट असं चक्र सुरू झालं. 1945 नंतरची भरभराट उद्ध्वस्त युरोप-जपानवर उभी होती आणि 1973 नंतरची कर्जावर. 1975 मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल कम्युनिस्ट करंट ही डाव्या कम्युनिस्टांची, म्हणजे मॉस्कोच्या लाइनला डावीकडून विरोध करणाऱ्यांची, संघटना आजवर हीच भूमिका मांडते.

उलट बाजूला त्याच परंपरेतला इटलीचा अमादेओ बोर्दिगा. 1951 साली त्याने सांगून टाकलं की आधी चढण, मग शिखर, मग उतरण अशी कमान मार्क्सने काढलेलीच नाही, भांडवलशाही वाढतच जाते, आणि तिच्या वाढीबरोबरच तिच्यातला विरोधही वाढत जातो आणि शेवटी स्फोट होतो. मला हे जास्त पटतं.

नफ्याचा दर घसरत जातो हे तर गणिताने सिद्ध झालंय ना?

नाही. प्रवृत्ती म्हणून ते ताकदीचं म्हणणं आहे, पण सिद्ध झालंय असं म्हणणं जास्तीचं होईल.

मांडणी अशी. नवं मूल्य जिवंत श्रमातून येतं. स्पर्धेमुळे प्रत्येक मालक यंत्रांवर जास्त आणि मजुरांवर त्या मानाने कमी पैसा घालतो. मग एकूण गुंतवणुकीच्या मानाने वरकड मूल्य, म्हणजे मजुरी देऊन मालकाकडे उरणारं नवं मूल्य, कमी पडत जातं. मार्क्सने 'भांडवल'च्या तिसऱ्या खंडात, जो एंगल्सने 1894 मध्ये काढला, हे लिहिलं आणि लगेच पुढच्या प्रकरणात ही घसरण रोखणाऱ्या गोष्टीही मांडल्या, म्हणजे शोषण वाढवणं, यंत्रं-कच्चा माल स्वस्त होणं, परदेशी व्यापार वगैरे.

हे हातात घेऊन बघायचं असेल तर पोलंडचा मार्क्सवादी अर्थतज्ज्ञ हेन्रिक ग्रॉसमन याचं गणित करून बघा, साधा कॅल्क्युलेटर पुरतो. ऑस्ट्रियाचा समाजवादी ऑटो बाउअरने 1913 मध्ये रोझाला खोडून काढायला एक कोष्टक केलं होतं. स्थिर भांडवल (यंत्रं, कच्चा माल यांवरचं) 2 लाख, मजुरीवरचं भांडवल 1 लाख, वरकड मूल्य मजुरीएवढंच म्हणजे 1 लाख. स्थिर भांडवल दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढतं, मजुरीवरचं 5 टक्क्यांनी. बाउअरने चारच वर्षं मांडून सगळं सुरळीत चालतं असं दाखवलं. ग्रॉसमनने तेच कोष्टक, एकही आकडा न बदलता, पुढे नेलं. पहिल्या वर्षी नफ्याचा दर 33 टक्के आणि वाढीचे पैसे बाजूला काढूनही मालकांच्या हातात 75 हजार उरतात. 35 व्या वर्षी स्थिर भांडवल 51 लाखांच्या आसपास, मजुरी आणि वरकड प्रत्येकी सव्वापाच लाखांच्या थोडं वर, आणि नफ्याचा दर 9 टक्क्यांवर आलेला. पुढच्या वर्षीची वाढ टिकवायला सुमारे 5 लाख 37 हजार लागतात पण वरकड आहे 5 लाख 25 हजार, म्हणजे मालकाने स्वतः एक दमडीही खाल्ली नाही तरी पैसे कमी पडतात. हे मांडणारं ग्रॉसमनचं पुस्तक 1929 मध्ये आलं, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉल स्ट्रीट कोसळलं, त्यामुळे ते भविष्यवाणीसारखं वाचलं गेलं.

पण 10 आणि 5 टक्के हे आकडे बाउअरने गृहीत धरलेले, ते देवाने दिलेले नाहीत, आणि खुद्द ग्रॉसमनही 35 वर्षांनी जग बुडेल असं म्हणत नव्हता. डच कम्युनिस्ट पानेकुकने 1934 मध्ये याच्यावर जे लिहिलं ते मला आजही महत्त्वाचं वाटतं, की भांडवलशाही माणसांच्या कृतीशिवाय आपोआप कोसळेल असं दाखवायचा प्रयत्नच मार्क्सच्या विचाराला सोडून आहे. पुढे 1961 मध्ये जपानच्या नोबुओ ओकिशिओने दाखवलं की खरं वेतन तेवढंच राहिलं आणि मालक फक्त खर्च वाचवणारंच तंत्र घेत असेल तर नफ्याचा सर्वसाधारण दर घसरत नाही, उलट वाढतो. त्याच्या गृहीतकांवर आजही वाद चालू आहे.

लेनिनचं मग चुकलंच म्हणायचं?

लेनिन नीट वाचा. साम्राज्यवादावरच्या त्याच पुस्तकात तो म्हणतो की या सडण्यामुळे भांडवलशाहीची झपाट्याने वाढ होणारच नाही असं समजणं चूक ठरेल. लोक 'मरणपंथाला' एवढंच लक्षात ठेवतात.

हा सगळा पुस्तकी वाद आहे, चळवळीला याने काय फरक पडतो?

खूप पडतो, आणि खरं म्हणजे हे सगळं लिहायचं कारण हेच आहे.

1928 मध्ये कॉमिन्टर्नच्या सहाव्या काँग्रेसने ठरवलं की 1917 नंतरचा 'तिसरा कालखंड' सुरू झालाय, स्थैर्य संपलं, आता भांडवलशाहीचं अंतिम अरिष्ट आणि क्रांतीची लाट. आता व्यवस्था कोसळणारच असेल तर मधले लोक, सुधारणावादी, समाजवादी हे तिला टेकू देणारे म्हणून सगळ्यात घातक शत्रू ठरतात. जर्मनीत कम्युनिस्टांनी सोशल डेमोक्रॅट्सना 'सामाजिक फॅसिस्ट' म्हटलं. नोव्हेंबर 1932 च्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅट्सना 20.4 टक्के, कम्युनिस्टांना 16.9 टक्के आणि नाझींना 33.1 टक्के मतं पडली. बेरीज तुम्हीच करा. तीन महिन्यांच्या आत हिटलर चॅन्सेलर झाला आणि दोन्ही पक्षांचे लोक एकाच छळछावणीत जाऊन पडले. सगळा दोष एका सिद्धांताचा नाही, सोशल डेमोक्रॅट्सचे हातही रोझाच्या रक्ताने माखलेले होते (त्यांचं सरकार असताना 1919 मध्ये तिचा खून झाला), पण 'काळ आपल्या बाजूने आहे' या खात्रीने एकजुटीची गरजच वाटेनाशी झाली हे खरं आहे.

हेच वारं गिरणगावापर्यंत आलं. 1928 चा मुंबईचा संप, एप्रिल ते ऑक्टोबर, दीड लाखाच्या आसपास कामगार, विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवावेत अशा मालकांच्या योजनांविरुद्ध. त्यातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन अशी उभी राहिली की वर्षाअखेर तिचे सभासद पन्नास हजारांच्या वर होते. मग मार्च 1929 मध्ये ब्रिटिश सरकारने कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवर भरलेल्या कटाच्या मीरत खटल्यात डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर असे सगळे पुढारी आत गेले, त्या वर्षीचा दुसरा संप फसला, आणि बाहेर राहिलेल्यांच्या हातात कॉमिन्टर्नची नवी लाइन होती. 1930 मध्ये मिठाच्या सत्याग्रहाने देश पेटलेला असताना कम्युनिस्ट त्यापासून लांब राहिले, 1931 मध्ये आयटकमधून (ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस) फुटून वेगळी लाल ट्रेड युनियन काँग्रेस काढली. एवढी मेहनतीने बांधलेली ताकद सरकारी दडपशाहीने मोडली हे खरंच, पण उरलेल्या ताकदीला एकटं पाडलं ते या समजुतीने. हे वाचताना मला अजून त्रास होतो. 1935 ला कॉमिन्टर्नने लाइन बदलली, तोवर जर्मनीत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

अजून एक. 1914 पासून ऱ्हास मानणारे काही गट पुढे असं म्हणतात की त्या तारखेनंतर संसद, युनियन आणि राष्ट्रीय मुक्तिलढे यातलं काहीच कामगारांच्या कामाचं उरलेलं नाही. म्हणजे भारताच्या स्वातंत्र्यलढ्यात कामगारांनी पडायलाच नको होतं. कॅलेंडरवरच्या तारखेवरून एवढा मोठा निष्कर्ष काढणं मला मान्य नाही.

उत्पादक शक्ती आधी की वर्गसंघर्ष आधी?

तत्त्वज्ञ जी. ए. कोहेनने 1978 मध्ये पहिल्या बाजूची सगळ्यात काटेकोर मांडणी केली, की उत्पादक शक्ती वाढत राहतात आणि जे संबंध त्या वाढीला सोयीचे तेच टिकतात. इतिहासकार रॉबर्ट ब्रेनरने 1976 पासून दुसरी बाजू लावून धरली. त्याचा सवाल सरळ आहे, चौदाव्या शतकातल्या प्लेगनंतर पूर्व आणि पश्चिम युरोपात लोकसंख्या घटली, व्यापारही दोन्हीकडे होता, मग पश्चिमेत भूदासपण (जमीनदाराच्या जमिनीला बांधलेलं असणं) संपलं आणि पूर्वेत उलट नव्याने का लादलं गेलं? तंत्र तर जवळपास सारखंच होतं. फरक होता तो गावकरी जमीनदारापुढे किती संघटित होते याचा. माझा कौल ब्रेनरकडे.

भारताला आदिम साम्यवाद, गुलामगिरी, सरंजामशाही हे टप्पे लागू पडतात का?

जसेच्या तसे नाही. ती पाच टप्प्यांची पक्की यादी 1938 मध्ये स्टालिनने रूढ केली. मार्क्स स्वतः 1881 मध्ये रशियन क्रांतिकारक व्हेरा झासुलिचला लिहिताना म्हणतो की 'भांडवल'मधली प्राथमिक संचयाची, म्हणजे शेतकऱ्यांची जमीन हिसकावून भांडवल कसं उभं राहिलं याची, मांडणी पश्चिम युरोपापुरती आहे. आपल्याकडे डांगेंनी 1949 च्या पुस्तकात वैदिक काळावर ते टप्पे बसवले, आणि दामोदर धर्मानंद कोसंबींनी, जन्म गोव्याचा आणि काम पुण्यात, त्यावर कडक टीका केली. कोसंबी मार्क्सवादीच, पण ते नाणी वजन करून, लेण्यांच्या वाटा पायी तुडवून, गावोगावच्या देवता बघून पुरावा जमवायचे आणि मग बोलायचे. ग्रीस-रोमसारखा गुलामीचा टप्पा इथे त्यांना सापडला नाही तर त्यांनी तसं लिहिलं.

आणि जात. 1928 च्याच संपात बाबासाहेबांनी प्रश्न उभा केला की अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे घेत का नाहीत. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की दोरा तोंडाने ओढावा लागायचा, आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटायचा. यंत्र लँकेशायरचं, मजुरी रोखीत, मालक भांडवलदार, आणि तरीही कुणी कुठल्या खात्यात उभं राहायचं हे जात ठरवते. पुढे धुळ्याच्या शरद पाटलांनी 1978 मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि मार्क्सला फुले-आंबेडकरांची जोड दिल्याशिवाय इथला इतिहास कळत नाही असं मांडलं. त्यांची सगळी मांडणी पटो न पटो, प्रश्न टाळता येत नाही.

मग संबंध बेड्या झालेत हे ओळखायचं कसं?

कोहेनने पुढे एक उपयोगी फरक केला. शक्तींची वाढ अडणं वेगळं आणि आहे त्या शक्तींचा नीट वापर अडणं वेगळं. पहिल्या अर्थाने ऱ्हास दाखवणं अवघड आहे, दुसऱ्या अर्थाने रोज दिसतो. कोविडचं घ्या. लस वर्षभरात तयार झाली, विज्ञानाने आपलं काम केलं. 2 ऑक्टोबर 2020 ला भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत प्रस्ताव दिला की साथ असेपर्यंत लस-औषधांवरचे पेटंटसारखे हक्क बाजूला ठेवा. निर्णय झाला जून 2022 मध्ये, तोही फक्त लसींच्या पेटंटपुरता, पाणी घातलेला. त्या मधल्या वीसेक महिन्यांत किती माणसं गेली, ते प्रत्येकाने आपापल्या घरात पाहिलंय. ज्ञान आहे, माणसं आहेत, गरज आहे, आणि मध्ये मालकी उभी आहे. बेडी यापेक्षा वेगळी कशी दिसेल?

आणि पर्यावरण?

इथे तर मार्क्सच्याच एका जुन्या वाक्याकडे जावं लागतं. 'भांडवल'च्या पहिल्या खंडात भांडवली शेतीबद्दल तो म्हणतो की तिची प्रगती ही कामगाराबरोबर मातीलाही लुटण्यातली प्रगती आहे. माझ्या मते आजच्या ऱ्हासाच्या चर्चेने इथूनच सुरुवात करावी. उत्पादन किती टक्क्यांनी वाढलं हे मोजताना खालावलेली भूजल पातळी आणि तापलेली हवा वजाच होत नाही.

चीनचं काय?

2020 मध्ये एकट्या चीनने 100 कोटी टनांहून जास्त पोलाद केलं, जगाच्या निम्म्याहून अधिक. त्या देशाला तुम्ही भांडवलशाही म्हणा नाहीतर आणखी काही, पण 1914 पासून उत्पादक शक्ती अडकून पडल्यात हे वाक्य शांघायमध्ये उभं राहून बोलता येत नाही.

प्लॅटफॉर्म कंपन्या आल्या, म्हणजे भांडवलशाही जाऊन नवी सरंजामशाही आली का?

मला नाही तसं वाटत. खंडाने, भाड्याने पैसा काढणं भांडवलशाहीत पहिल्यापासून आहे, 'भांडवल'च्या तिसऱ्या खंडात जमिनीच्या भाड्यावर मोठा भाग आहे. अॅपवरून जेवण पोचवणारा पोरगा भूदास नाही, तो उद्या काम सोडू शकतो आणि परवा उपाशी राहू शकतो. हे मजुरीचंच नातं आहे, फक्त मुकादम फोनमध्ये बसलाय.

भांडवलशाही गेलीच तर पुढे समाजवादच येणार हे नक्की ना?

नाही. जाहीरनाम्याच्या पहिल्याच प्रकरणात लिहिलंय की वर्गसंघर्षाचा शेवट एकतर समाजाच्या क्रांतिकारी पुनर्रचनेत होतो किंवा लढणाऱ्या दोन्ही वर्गांच्या नाशात.

सुरुवात कुठून करू?

1859 ची प्रस्तावना, ती चारपाच पानांचीच आहे. वर सांगितलेली दोन वाक्यं सापडली की पेन्सिलने खूण करा आणि मधल्या ओळी सावकाश वाचा, बहुतेक लोक त्या गाळतात. त्यानंतर थेट 'भांडवल'मध्ये उडी न घेता कोसंबींच्या 1956 च्या भारतीय इतिहासावरच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण घ्या, कारण ही पद्धत आपल्या मातीत वापरायची कशी ते तिथे दिसतं. ग्रॉसमनचं कोष्टक मात्र वहीत स्वतः मांडून बघा, दुसऱ्याने सांगितलेलं ऐकू नका, माझंही नको.